धुराला घाबरून तेल तोडू नका: ई-२० पेट्रोलच्या काळात जुनी टू-स्ट्रोक

२०२५ मध्ये देशभरातल्या पंपांवर ई-२० पेट्रोल सर्रास मिळू लागलं आणि ज्यांच्या घरी जावा, येझदी, राजदूत किंवा यामाहाची आरएक्स १०० अशी जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे त्यांच्या पोटात गोळा आला. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि इथेनॉल म्हणजे ऊस, मका, तांदूळ यांपासून केलेलं अल्कोहोल. पंपावर इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय ठेवा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे हे पेट्रोल घालावं की नाही, ही चर्चा आपल्यापुरती संपली. मिळतं त्या पेट्रोलवर गाडी कशी टिकवायची, ते बघू.

इंदूरला रामबाग, रावजी बाजार, टिळकनगर भागातल्या कितीतरी मराठी घरांत आजोबांची किंवा वडिलांची गाडी जिन्याखाली झाकून ठेवलेली असते. पावसाळाभर तिला कोणी हात लावत नाही. दसऱ्याला ती पुसायची, झेंडूचा हार घालायचा, किक मारायची आणि त्याच आठवड्यात कोणीतरी चोरल नाहीतर महूकडे दामटायची, असा क्रम असतो. इंजिन जाम व्हायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी या क्रमात जुळून येतात, आणि नव्या पेट्रोलने त्यात भर घातली आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: काळा प्लग (ठिणगी देणारा स्पार्क प्लग), धूर, सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन हे त्रास असले तरी अर्ध्या दिवसात निस्तरता येतात. जुन्या टू-स्ट्रोकचा खरा घात होतो तो पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाण्याने. नेमकं ते दिसत नाही, म्हणून लोक दिसणाऱ्या धुराच्या मागे लागतात.

आधी इंजिन समजून घेऊ

आजच्या बहुतेक मोटरसायकली फोर-स्ट्रोक असतात. त्यांच्यात पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली जातो तेव्हा एकदा जोर मिळतो. इंजिनच्या तळाशी वेगळं तेल असतं, ते पंपाने फिरत राहतं आणि भागांना वंगण देतं.

टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट होतो. हे साधतं कारण पिस्टनची खालची बाजूही कामाला लावलेली असते. सायकलचा पंप आठवा: दांडा ओढला की हवा आत येते, दाबला की बाहेर ढकलली जाते. पिस्टन वर जातो तेव्हा कार्बोरेटरमधून, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून, हवा-पेट्रोलचं मिश्रण इंजिनच्या पोटात, म्हणजे क्रँककेसमध्ये, ओढलं जातं. तो खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढतं आणि जळालेला धूर बाहेर लोटतं. आत येण्या-जाण्यासाठी सिलिंडरच्या भिंतीत भोकं पाडलेली असतात आणि पिस्टनच ती झाकतो-उघडतो. फोर-स्ट्रोकसारखे वर टॅपेट नाहीत, कॅमशाफ्ट नाही. म्हणूनच ही गाडी घरच्या घरी उघडता येते.

आता मुद्दा वंगणाचा. ज्या पोटातून पेट्रोलचं मिश्रण जातं तिथे तेल भरून ठेवता येत नाही. मग पेट्रोलमध्येच तेल मिसळून पाठवायचं. क्रँकचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, त्याला पिस्टनशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं, पिस्टन, रिंगा या सगळ्यांना जाता जाता जे तेल लागेल तेवढंच वंगण. जावा, येझदी आणि राजदूत १७५ मध्ये हे तेल आपण टाकीत मिसळतो. आरएक्स १०० आणि राजदूत ३५० मध्ये तेलाची वेगळी टाकी आहे आणि छोटा पंप थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरच्या) हिशेबाने तेल सोडतो. गिअरबॉक्सचं तेल या सर्वांत वेगळं असतं. ते पूर्ण भरलेलं असलं तरी पिस्टनला त्याचा काही उपयोग नाही, आणि फोर-स्ट्रोकवर हात बसलेल्या नव्या मुलांची इथेच गल्लत होते.

मिश्रण 'लीन' झालं की काय होतं

हवेच्या मानाने पेट्रोल कमी झालं की मेकॅनिक म्हणतात, गाडी लीन चालते आहे. पेट्रोल जास्त झालं तर रिच. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तर पुढचं सगळं उलगडतं.

थोडी रिच गाडी चार-चार धक्के देत चालते, प्लग काळा करते, पेट्रोल खाते. लीन गाडी मात्र सुरुवातीला छान वाटते. आवाज कोरडा आणि धारदार होतो, धूर कमी होतो, मायलेज वाढल्याचा भास होतो. आत मात्र दोन गोष्टी बिघडत असतात. पेट्रोल वाफ होताना जो थंडावा देतं तो घटतो आणि ज्वलन जास्त तापतं. आणि टाकीत तेल मिसळलेलं असेल तर पेट्रोल कमी गेलं म्हणजे तेलही कमी गेलं. उष्णता वाढली, वंगण घटलं.

पिस्टन ॲल्युमिनियमचा, या गाड्यांचा सिलिंडर बीडाचा. ॲल्युमिनियम जास्त फुगतं. दोघांमध्ये केसभर फट असते, ती भरून आली की पिस्टन भिंतीला घासतो आणि चिकटतो. जाम झालेल्या गाडीचा पिस्टन कधी हातात घेऊन बघा. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे दिसतात, रिंग खाचेत दबून बसलेली असते, तिच्यावरून ॲल्युमिनियम ओघळून पसरलेलं असतं. ती बाजू सगळ्यात जास्त तापते, म्हणून सुरुवात तिथून होते.

आता ई-२० चं गणित. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्याला साधारण ९ ग्रॅम पुरते. ई-२० साठी हा आकडा १३.५ च्या आसपास येतो. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटर ते ओळखू शकत नाही. त्याच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक शुद्ध पेट्रोलसाठी पाडलेलं आहे, ते तेवढंच सोडणार. म्हणजे गाडीला हात न लावता ती आठेक टक्के लीन झाली.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथली हवा किंचित विरळ असल्यामुळे गाडी आपोआप थोडी रिच चालते आणि या घटीचा काही भाग भरून निघतो. काहीच भाग. उपाय कार्बोरेटरमध्येच करावा लागतो: मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठा घालायचा, सुईची क्लिप एक खाच खाली लावायची म्हणजे सुई वर उचलली जाते, आणि एअर स्क्रू थोडा आत घ्यायचा. एका वेळी एकच बदल करा. नंतर पाच-सात किलोमीटर चालवा, भरधाव असतानाच इंजिन बंद करून क्लच दाबा, बाजूला थांबा आणि प्लग काढून बघा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर उत्तम. खडूसारखा पांढरा असेल तर तशी गाडी चालवू नका. इथेनॉलमुळे प्लगचा रंग पूर्वीपेक्षा थोडा फिका दिसतो, हे मात्र धरून चाला.

"पण इथेनॉल इंजिन थंड ठेवतं ना? रेसिंगमध्ये वापरतात."

खरं आहे. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता शोषतं, त्याचा ऑक्टेनही (दाबाखाली अकाली पेट न घेण्याचा गुण) चढा असतो. पण रेसिंगच्या गाड्यांचे जेट त्या हिशेबाने मोठे केलेले असतात. जेट जुनाच ठेवून फक्त इंधन बदललं तर हा फायदा हाती लागत नाही. ऑक्टेनचं म्हणाल तर जावा-राजदूतचं कम्प्रेशन इतकं कमी आहे की त्यांना महागड्या जादा ऑक्टेनच्या पेट्रोलची गरज नाही. ऑक्टेन चढा आहे म्हणजे त्यात इथेनॉल नाही, असंही समजू नका.

पावसाळ्यात टाकीत काय घडतं

इथेनॉल आणि पाणी एकमेकांत सहज मिसळतात. थोडं पाणी ई-२० पोटात घेतं आणि इंजिनातून जाळून टाकतं, तोवर काही बिघडत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं. जड असल्यामुळे हा थर टाकीच्या तळाशी बसतो आणि पेट्रोल वर तरंगतं. जुन्या गाड्यांच्या टाकीचं झाकण पावसात गळतं, आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणीही जमतं. जूनमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला ऑक्टोबरपर्यंत भरपूर वेळ मिळतो.

टाकीत तेल मिसळणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. टू-टी तेल, म्हणजे टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल, पेट्रोलमध्ये राहतं, इथेनॉल-पाण्याच्या थरात उतरत नाही. पेट्रोलचा कॉक टाकीच्या तळातून ओढतो. म्हणजे दसऱ्याला किक मारल्यावर, गाडी सुरू झालीच तर, इंजिनात आधी जातो तो तेल जवळजवळ नसलेला थर. तुम्ही तेल मोजून घातलेलं असतं, टाकीत ते असतंही, पण पिस्टनपर्यंत पोचत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर काचेची उंच मोजपट्टीची नळी घ्या. मोकळ्या हवेत, विडी-काडीपासून लांब. तेल न मिसळलेलं १०० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घाला, तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. पाणी २० च्या रेघेवर असायला हवं होतं. ई-२० असेल तर खालचा थर ४० च्या जवळ गेलेला दिसतो. ती वाढ म्हणजे पाण्याने ओढून घेतलेलं इथेनॉल. घरातल्या मुलांना जवळ बोलावून दाखवण्यासारखी गोष्ट आहे.

उपाय सोपा आहे. गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या. टाकीच्या आत टू-टी तेलाचा हात फिरवा, गंज धरणार नाही. प्लग काढून चमचाभर तेल सिलिंडरमध्ये सोडा, दोन-तीनदा हळू किक फिरवा आणि प्लग परत लावा. बाहेर काढताना ताजं पेट्रोल. जुनं पेट्रोल कितीही स्वच्छ दिसलं तरी या इंजिनात नको.

गाडी सुरूच होत नाही

तपासाचा क्रम ठरलेला असावा: पेट्रोल, मग करंट, मग हवा. धपाधप किका मारण्याआधी कार्बोरेटरची पेट्रोल नळी काढून कॉक उघडा आणि बाटलीत धार बघा. थेंब-थेंब येत असेल तर कॉकची जाळी तुंबली आहे. दोन-तीन किलोमीटर नीट चालून बंद पडत असेल आणि टाकीचं झाकण उघडल्यावर फुस्स करून परत सुरू होत असेल, तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. अख्खा कार्बोरेटर खोलायला लावणारे लोक याच भोकाकडे बघत नाहीत.

धार ठीक असेल तर प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल आत पोचत नाही. बहुधा स्लो जेट चिकटला आहे. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. प्लग ओलाचिंब असेल तर कॉक बंद करा, प्लग काढलेला ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून आठ-दहा किका मारा, पोटात साचलेलं पेट्रोल निघून जाईल. मग कोरडा प्लग इंजिनला टेकवून किक मारा. हे करताना तो प्लगच्या भोकापासून लांब धरा, बाहेर पडणाऱ्या वाफेला ठिणगी लागायला नको. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर पॉइंटकडे, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांकडे, जा: बारीक पॉलिश पेपरने साफ करा, कोऱ्या कागदाने पुसा, आणि फट पुस्तिकेप्रमाणे, जावा-येझदीला साधारण ०.४ मिलिमीटर, लावा. पॉइंट वारंवार काळे पडत असतील आणि उघडताना तिथेच ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा विजेचा भाग) गेला. थंड असताना सुरू होणारी आणि तापल्यावर रुसणारी गाडी बहुतेक वेळा कंडेन्सर किंवा कॉइलची असते.

हवा चोरून येते कुठून

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित, म्हणून थोडा थांबतो. क्रँककेस हाच पंप असल्यामुळे तो हवाबंद असावा लागतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. वीस-तीस वर्षांत ते कडक होतात, आणि उभ्या गाडीत आणखी लवकर.

मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचा सील फाटला तर बाहेरची हवा थेट पोटात शिरते. थ्रॉटल सोडला तरी आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) खाली येत नाही, कधी आपोआप चढतं. मेकॅनिक आयडल स्क्रू पिळून ते खाली आणतो आणि खरं दुखणं झाकलं जातं. क्लचच्या बाजूचा सील गेला तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं. मग दाट पांढरा-निळा धूर कितीही चाललं तरी थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी कुठेही गळती नसताना उतरत जाते. गिअर ऑइल मोजल्याशिवाय "तेल जास्त झालंय" असा निकाल कोणी देऊ नये.

कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या गॅस्केटवर आयडलला साबणाचं पाणी फवारून बघा. आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे. हवेची गळती शिल्लक असताना जेट बदलत बसलात तर ट्यूनिंग कधीच लागणार नाही. म्हणून ई-२० साठी जेटला हात घालण्याआधी दोन्ही सील बदलून घ्या. सील स्वस्त असतात, मजुरी लागते, पण मजुरीचे पैसे इथेच घालावेत. नवे सील, कार्बोरेटरची सुई आणि ओ-रिंगा व्हायटॉनच्या (इंधन सोसणाऱ्या खास रबराच्या) मिळाल्या तर त्याच घ्या, त्या इथेनॉलला दाद देत नाहीत.

"धूर फार करते, तेल थोडं कमी घालू का?"

नको. जावा-येझदीसारख्या जुन्या इंजिनांना लिटरला ३० ते ४० मिली तेल लागतं; तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जे प्रमाण असेल ते पाळा. पूर्वी पंपावर हातपंपाने तेल ओतत तेव्हा अंदाजपंचे कारभार होता, आता मापाची बाटली जवळ ठेवा. धूर कमी हवा असेल तर तेलाचा दर्जा वाढवा: डब्यावर जासो (जपानी दर्जा-मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी तेल घ्या, ते कमी धूर करतं. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये कधीही मिसळू नका, त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते.

उलट, काळजीपोटी दुप्पट तेल ओतणारेही आहेत. जेटच्या भोकातून जेवढं तेल जातं तेवढी पेट्रोलची जागा जाते, त्यामुळे जादा तेलाने मिश्रण उलट थोडं लीनच होतं. कार्बन साचतो तो वेगळाच. जावा-येझदीच्या एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असतात. गाडी चालू करून दोन्हींच्या मागे जरा लांब हात धरा. एकीकडचा झोत मंद लागला तर तिकडचा सायलेन्सर तुंबला आहे, आणि "चढावर ओढत नाही" या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा तिथेच सापडतं.

भेरूघाट उतरताना

इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट लागतो. फोर-स्ट्रोकवाले थ्रॉटल सोडून, गिअरमध्ये ठेवून, इंजिनच्या ब्रेकवर उतरतात आणि त्यांचं बरोबर आहे. टाकीत तेल मिसळलेल्या टू-स्ट्रोकमध्ये थ्रॉटल बंद म्हणजे तेल बंद. चाक इंजिनला जोरात फिरवत राहतं आणि पिस्टन जवळजवळ कोरडा पळतो. उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडून एक घोट पाजत राहा, वेग ब्रेकने आवरा. चालता चालता गाडी अचानक जड झाली, बारीक किणकिण आली, तर विचार न करता क्लच दाबा आणि बाजूला घ्या. मागचं चाक जाम होऊन पडण्यापासून तेवढ्याने वाचता. अर्धा तास थंड होऊ द्या. किक फिरली तरी हळूहळू घरी आणा आणि हेड उघडून बघितल्याशिवाय पुन्हा चालवू नका.

टाकी, नळ्या, कॉर्क

ई-२० मुळे काही जुन्या वाहनांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२५ मधल्या खुलाशात सांगितलं होतं. जुन्या कॉकमधला कॉर्क, पेट्रोल नळी, फ्लोटची सुई हे आधी बघा. शिवाय इथेनॉल जुना चिकटा विरघळवतं, म्हणून पहिल्या काही टाक्यांत वर्षानुवर्षांचा गाळ जेटकडे धावतो. नळीत चांगला फिल्टर बसवा. टाकीला आतून इपॉक्सीचं अस्तर लावलेलं असेल तर महिन्याने टॉर्च मारून बघा. काही अस्तरं फुगून सुटतात आणि त्याचे पापुद्रे थेट कॉकवर येऊन बसतात.

"एवढं करून प्रदूषण करणारी गाडी ठेवायची कशाला?"

आक्षेप रास्त आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना त्यातलं काही न जळताच एक्झॉस्टमधून निघून जातं, हा त्या रचनेचाच दोष आहे आणि याच कारणाने त्या बंद झाल्या. रोज ऑफिसला जायला ही गाडी वापरू नये, असं माझंही मत आहे. पण १९६१ पासून म्हैसूरला बनलेली जावा, १९८५ ते १९९६ मध्ये निघालेली आरएक्स १००, ही आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या घरातली जिव्हाळ्याची यंत्रं आहेत. महिन्यातून दोनदा सकाळच्या वेळी पंधरा-वीस किलोमीटर, सील घट्ट, तेल मोजून, अशी चालवली तर ती फारसं काही बिघडवत नाही. आणि तेवढं चालवणं गाडीलाही लागतंच, नाहीतर सील पुन्हा कडक होतात. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या रहदारीत चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीसाठी नेता येते. गाडी अधूनमधून फिरवायची असेल तर अर्ज करण्याआधी याचा विचार करा.

या आठवड्यात एकच काम जमणार असेल तर टाकी उपसा, तळातलं पहिलं अर्धा लिटर काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर किक मारायची घाई करू नका.